घंटी जाऊन राह्यली

रईसभाऊच्या आणि माझ्या दुकानाच्या मध्ये टिनाचा एक पत्रा आहे, बस. इकडे माझी शिलाई मशीन, तिकडे त्याचे फोन. त्यामुळे पलीकडे कोण हसलं, कोण रडलं, कोणत्या बाईने नवऱ्याची कशी खरडपट्टी काढली, हे मला बसल्या जागी ऐकू येतं. लोक म्हणतात, माधवीबाईले सगळ्यांच्या गोठी मालूम. काऊन नाही राहणार? कान काय घरी खुंटीला टांगून येऊ?

तर रईसभाऊची गोष्ट मीच सांगते. तो स्वतः सांगणार नाही. आता तर तो कशाबद्दलच फारसं बोलत नाही.

त्याचा बाप कल्हईवाला. सायकलवर भाता बांधून ब्रह्मपुरीच्या आजूबाजूची गावं फिरायचा. घराघरात स्टील आलं आणि कल्हई गेली. पोराने मग रेडिओ उघडून बसवायला घेतले. थंडी पडली की तो वडसाच्या नाटकवाल्यांबरोबर माइक लावायला जायचा. झाडीपट्टीच्या नाटकात रात्रभर रडारड, आणि मंडपाच्या पार मागे घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीलाही नटीचा हुंदका ऐकू गेला पाहिजे, ही त्याची जबाबदारी. पुढे रेडिओ गेले, त्याने एसटीडी बूथ टाकला. मग खिशाखिशात मोबाइल आले आणि बूथही बसला. "रईसभाऊ, तुमी ज्याले हात लावता ते धंदे मरते," अशी मी त्याची फिरकी घ्यायची. तोही हसायचा. आता मी ती मस्करी करत नाही.

बूथ बसल्यावर तो आखातात गेला. तिथे त्याला जे काम मिळालं ते त्याने मला कितीदा समजावून सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. बंद पडद्यांची एक खोली, आत एसी, आणि रॅकवर लोखंडी डबे. प्रत्येक डब्यात तिथल्या मोबाइल कंपन्यांची सिमं दाटीवाटीने बसवलेली. आपल्याकडचा माणूस इंटरनेटवरून फोन लावतो. तो फोन तारेतून त्या खोलीपर्यंत जातो. तिथे डबा एक सिम निवडतो आणि गावातल्या गावात लावल्यासारखा तो पुढे मोबाइलवर लावून देतो. म्हणून स्वस्त पडतो. समुद्रापलीकडचा फोन, पण शेवटचा तुकडा तिथल्या तिथे.

फक्त एक भानगड होती. सिम निवडून फोन लावायला डब्याला वेळ लागायचा. तेवढा वेळ इकडच्या माणसाच्या कानात नुसती शांतता, आणि आपली माणसं कशी, शांतता झाली की फोन बिघडला समजून ठेवून देतात. मालक म्हणाला, यांना घंटी ऐकव. रईसभाऊने डब्याला तशी सवय लावून दिली. फोन डब्यापाशी पोचला रे पोचला की लावणाऱ्याच्या कानात घंटी सुरू. तिकडे अजून काही वाजलेलं नसायचं. "थोड्या टायमानं खरी घंटी जाते ना, माधवीताई. मंग काय फरक पडते," असं तो मला हसत सांगायचा. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

अशा खोल्या तिकडच्या कायद्यात बसत नाहीत. एक दिवस समोरच्या इमारतीतल्या खोलीवर पोलीस आले, डबे आणि माणसं दोन्ही घेऊन गेले. रईसभाऊच्या तोंडचं पाणी पळालं. मिळेल त्या विमानाने घरी आला आणि बायकोला, आमच्या सुरय्याभाभीला, म्हणाला, आता मेलो तरी जाणार नाही.

पण जे येत होतं तेच करणार ना माणूस. त्याने जुन्या बूथच्या जागी कॉम्प्युटर मांडला, हेडफोन लावले. इथून तिकडे इंटरनेटवरून फोन लावायला आपल्याकडे बंदी नाही. लोक म्हणतील, घरोघरी व्हॉट्सॲप असताना हे कशाला? तर ज्या देशात आमच्याकडची बरीच पोरं जातात तिथे व्हॉट्सॲपवरून बोलणं बंद आहे, आणि मजुरांपैकी बऱ्याच जणांकडे बटणाचे फोन. त्यांना गाठायला थेट मोबाइलच लागतो. रईसभाऊ कोण्या ठोक व्यापाऱ्याकडून बोलण्याची मिनिटं विकत घ्यायचा. तो व्यापारी कुठला, त्याचे फोन तिकडे कोणत्या खोलीतून उतरतात, हे रईसभाऊलाही माहीत नसायचं. त्या धंद्यात कोणी कोणाला विचारत नाही.

आमच्याकडची पोरं आखातात कशी पोचली, तेही सांगते. धान निघाला की या पट्ट्यातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. नवरा-बायको, म्हातारे, सगळे. तिकडच्या गावागावात आखाताचे एजंट. मिरचीच्या वावरातूनच पोरं परस्पर पुढे जातात.

आणि मिरचीवरूनच आमची एक सवय पडलेली. घरी फोन लावायचा, घंटी जाऊ द्यायची, उचलायच्या आत कापायचा. घंटी गेली म्हणजे माणूस बरा आहे, फोन चालू आहे, चिंता नको. बोलायचं काम नाही. सासू सुनेला विचारते, घंटी आली का? आली. मग चुलीकडे वळते. एवढ्यावर इथे घरं चालली आहेत. शहरातल्या लोकांना हे सांगितलं तर हसतील.

गिरजाबाईचंही घर तसंच चालत होतं. वैनगंगेकडच्या एका खेड्यातली ही बाई, नवरा नाही, पोटी एकच पोरगा, संघपाल. दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवण्याला, कापणीला जायची. पोरगा मिरचीवर गेला आणि एजंटाबरोबर आखातात बांधकामावर पोचला. सुरुवातीला गिरजाबाई बाजाराच्या दिवशी रईसभाऊकडे यायची, बाजार शुक्रवारचा, तिकडे सुट्टीही शुक्रवारची, म्हणून पोरगा उचलायचा. पत्र्याअलीकडे मला सगळं ऐकू यायचं. जेवलास का, भात भेटते का, अंगावर चादर हाय का. मोठी हळव्या आवाजाची बाई, पण रडकी नाही. मला म्हणायची, "माधवीबाई, लगनात माहे ब्लाउज तुमीच शिवजा." लग्न म्हणजे संघपालचं. मुलगी अजून पाहायची होती, ब्लाउज ठरला होता.

होळीच्या सुमारास ते शेवटचं बोलले. संघपाल म्हणाला, आता आमाले दूर रेतीत साइटवर पाठवून राह्यले, तिथी फोन उचलू देत नाई. तू घंटी देत जाजो. मी समजून घेईन माय बरी हाय म्हणून. रईसभाऊने हेडफोन आपल्या कानाला लावून त्याला समजावलं, "संघपाल, तुले आमचा नंबर दिसणार नाई. तिथलाच कोणता तरी नंबर दिसन. बाजाराच्या दिवशी अनोळखी नंबरची घंटी आली अन् कटली, त ते तुही माय समज." पोरगा हसला आणि हो म्हणाला.

तेव्हापासून गिरजाबाई बोलायला येत नव्हती, घंटी द्यायला येत होती. खुर्चीवर बसायची, हेडफोन घालायची. घंटी सुरू झाली की तिचा चेहरा उजळायचा. "जाऊन राह्यली," असं आम्हा सगळ्यांना सांगायची. आणि कापायच्या आत घंटीशीच दोन शब्द बोलून घ्यायची, बरा राह्य बाबू, ऊन लागू देऊ नको. मग माझ्याकडे यायची, पाणी प्यायची, बाजार करून बसने जायची. उन्हाळा गेला. रोवणे लागले तेव्हा ती चिखलाच्या पायांनी यायची. माझ्या दारातल्या बादलीत पाय धुऊन मग तिकडे जायची. पाऊस उलटला, धान पोटऱ्यांत आला. घंटी एकदाही चुकली नाही.

मग विनोद सुट्टीवर आला. हा आमच्याच गल्लीतला, तिकडे ड्रायव्हर आहे. अत्तर लावून दुकानादुकानातून मिरवत होता. रईसभाऊकडे चहा पिता पिता म्हणाला, पाहू तुमची लाइन कशी चालते, आणि आपलाच तिकडचा नंबर लावायला लावला. हेडफोन काढून स्पीकर केला. घंटी जाऊ लागली.

विनोद पोट धरून हसला. खिशातून पाकीट काढलं, त्यातून सिम काढून टेबलावर ठेवलं. "सिम इथी हाय रईसभाऊ, अन् घंटी कुठी वाजून राह्यली? भुताच्या घरी?"

दुकानातले सगळे हसले. मीही इकडून हसले. रईसभाऊचं हसू काही ऐकू आलं नाही, म्हणून मी डोकावले. तो कॉम्प्युटरवर आकडे मारत होता. मनाला येतील ते आकडे, कोणाचेच नसलेले. प्रत्येकाला घंटी जात होती. अशीच गोड, सारख्या अंतराने. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

गिऱ्हाईक गेल्यावर तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "माधवीताई, पयले फोन बंद असला की तिकडची बाई बोलायची. त्याहीच्या भाषेत. मंग ते बोलनं बंद झालं. मले वाटलं, लाइन सुधारली." मग म्हणाला, "हे मीच केलेलं काम हाय, अन् माह्याच कानाले समजलं नाई."

व्यापाऱ्याने मधल्या काळात रस्ता बदलला होता. आता त्याचे फोन अशा खोलीतून जात होते जिथे डबा घंटी देतो आणि देतच राहतो. पुढे फोन लागो न लागो, नंबर असो नसो. रस्ता कधी बदलला हे विचारलं, तर व्यापाऱ्याने फोन ठेवून दिला.

"गिरजाबाईले आजच सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? काही मालूम त पडू द्या आधी."

त्याने मोबाइलवर आयएसडी चालू करून घेतलं आणि संघपालचा नंबर सरळ लावला. त्या भाषेतली बाई बोलली. बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशीही बंद. मग त्याने रहीमला फोन केला. तिकडच्या दिवसांत दोघं एकाच खोलीत राहायचे. त्याला कंपनीचं नाव दिलं, कॅम्पचा पत्ता दिला. जाऊन ये, माझ्या भावा, म्हणाला.

मध्ये एक बाजार आला. गिरजाबाई आली, बादलीत पाय धुतले, खुर्चीवर जाऊन बसली. रईसभाऊ म्हणाला, "आज मशीन बंद हाय, बाई." ती म्हणाली, "थांबतो मी. मले काई घाई नाई." दुपारपर्यंत थांबली. तो तिच्याकडे पाठ करून उगीच वायर सोलत बसला. शेवटी ती उठली. "पोट्टा वाट पाहात असन," म्हणाली. ती गेल्यावर मी रईसभाऊला चांगलं झापलं. माणूस आहे का दगड? आईला असं लटकवून ठेवतात? तो वायरच सोलत राहिला.

रहीमचा फोन आला तेव्हा त्याने मला पत्र्यावर हात मारून बोलावलं. एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती. रहीम सांगत होता आणि रईसभाऊ नुसता हं, हं करत होता.

संघपाल वैशाखात गेला होता. दुपारच्या उन्हात साइटवर चक्कर येऊन पडला, उठला नाही. कंपनीकडे घरचा म्हणून जो नंबर होता तो एजंटाचा. एजंटाचा फोन बंद. तिकडे कोणी बेवारस मेलं की सरकार थंड पेटीत ठेवतं, कोणी विचारायला येतं का म्हणून वाट पाहतं. त्यांनी पुष्कळ दिवस वाट पाहिली. उन्हाळाभर, पावसाळाभर. कोणी आलं नाही, कोणी फोन केला नाही. मग पुरून टाकलं. आमचा विनोद सुट्टीवर यायच्या थोडं आधी.

फोन ठेवल्यावर रईसभाऊ भिंतीला टेकून खाली बसला आणि ओक्साबोक्शी रडला. बाप गेला तेव्हाही मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी काय समजावणार? माझ्या डोळ्यांपुढे चिखलाचे पाय आणि बादली तेवढी दिसत होती.

पुढच्या बाजारी ती आली. रईसभाऊने बाकीच्यांना बाहेर काढलं, मला बोलावून घेतलं, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"गिरजाबाई, संघपाल नाई आता."

"नाई म्हंजे? तिथून कुठी पाठवलं त्याले?"

"गेला, बाई. उन्हाळ्यातच गेला."

ती माझ्याकडे पाहू लागली. या माणसाने सकाळीच घेतली की काय, असं काहीसं तिच्या नजरेत होतं. "माधवीबाई, याले सांगा. त्या बाजारी घंटी गेली ना. तुमी इथीच होत्या."

"ती घंटी खोटी होती, बाई," रईसभाऊ म्हणाला.

"घंटी खोटी कशी राहीन? माणूस खोटा राह्यते. घंटी कायची खोटी?"

त्याने समजावून पाहिलं. डबा, सिम, खोली. तिला काही कळलं नाही आणि तिला कळायला नकोही होतं. "लाव," म्हणाली. "माह्यासमोर लाव."

रईसभाऊ उठला. हेडफोन तिच्या कानावर घातला. "तुमीच सांगा आकडे. मनात येतीन ते सांगा. कोणाचेच नाई असे."

तिने सांगितले. मधेच अडखळून, बोटं मोजत, लहान पोरगी पाढे म्हणते तसे. त्याने दाबले. मी तिच्या तोंडाकडे पाहत होते. घंटी सुरू झाली तेव्हा सवयीने तिचा चेहरा उजळला. मग हळूहळू तो विझत गेला. तिने हेडफोन काढला नाही. बराच वेळ ती ऐकत बसली.

"मंग हे कोन वाजवते?"

"डब्बा वाजवते. मीच तिकडं असताना एका डब्ब्याले शिकवलं होतं, बाई. हा दुसरा असन. काम तेच हाय."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रडली नाही. एकेक विचारू लागली. कधी, कसा, जवळ कोण होतं. रईसभाऊ माहीत होतं तेवढं सांगत गेला. थंड पेटीचं सांगायची वेळ आली तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवलं. त्याने सांगितलं.

"रोवण्याच्या वक्ती तो पेटीत होता?"

"हाव."

"वाट पाहून राह्यले होते, कोनी येते का म्हणून?"

"हाव, बाई."

"अन् मी इथी बसून होती." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "घंटी नसती गेली त मी चूप बसली असती का रे, रईस? एक बाजार पाह्यला असता, दोन पाह्यले असते. मंग तहसीलीत गेली असती. कलेक्टरच्या दारात जाऊन पडली असती. आमच्या विहाराची सारी माणसं आली असती माह्यासंग. माह्या लेकराले मी घरी आणलं असतं. नदीवर नेलं असतं. तोंड पाह्यलं असतं त्याचं."

रईसभाऊने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने पाय मागे घेतले. रागाने नाही, चिखल लागेल म्हणून घेतात तसे. मला ते पाहवलं नाही. मी बाहेर आले आणि तिची पिशवी धरून पायरीवर उभी राहिले.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. पिशवी घेतली, पायरी उतरली. आणि परत वळली.

"एक सांग मले," ती आत पाहून म्हणाली. "होळीपासून तो मरेपर्यंत मी घंट्या देल्या. तवा तो जिता होता. त्या तरी त्याले पोचल्या का? का मायनं फोन लावनं सोडून देल्लं, असं समजून मेला तो?"

रस्ता कधी बदलला, हे रईसभाऊला माहीत नव्हतं. होळीनंतर लगेच, चैत्रात, का वैशाखात. ते आता कोणालाच कळणार नव्हतं. मी दारातून त्याला डोळे वटारून सांगत होते, हो म्हण. अरे, हो म्हण ना मेल्या, तुझं काय जातं? इतके महिने खोटं ऐकवलंस, आता एक शब्द दे तिला.

तो टेबलाला धरून उभा होता. 

"मालूम नाई, बाई. खरंच मालूम नाई."

गिरजाबाईने मान हलवली. मग ती बसस्टँडकडे गेली आणि मी तिच्यामागे गेले, बस येईपर्यंत तिच्या बाजूला उभी राहिले.